सालोमीबाईंचं सुख

आमच्या वसाहतीत कुणाच्या घरी मयत झाली की सालोमीबाई आपली विळी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायच्या, काखोटीला मारायच्या आणि निघायच्या. भेटायला जाणाऱ्या बाकीच्या बायका डोक्यावर पदर घेऊन, चेहरा नीट करून जात. या भाजी चिरायला निघाल्यासारख्या जात आणि खरोखर भाजीच चिरत. ज्या घरात त्यांच्या हातचं चालत नसे, तिथे मागच्या अंगणात कपडे धुऊन वाळत घालत, नाहीतर घरातली लहान पोरं आपल्या ओट्यावर आणून बसवत. सांत्वनाचं म्हणून काही बोलत नसत. निघताना एवढंच म्हणत, "उद्या येते बसाले." आणि दुसऱ्या दिवशी येत. आम्ही सगळ्याजणी आपापल्या घरच्या कामांना लागून ती मयत विसरत आलेल्या असायचो, तेव्हाही सालोमीबाई त्या घरी बसायला जात असत.

त्या मुळात अशा नव्हत्या, हे मला ठाऊक आहे. मी लग्न होऊन तुमसरहून जवाहरनगरला आले तेव्हा सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. माझे मिस्टर तिथल्या सरकारी फॅक्टरीच्या ऑफिसात होते, सालोमीबाईंचे यजमान दानियलभाऊ फिटर होते. आमचं क्वार्टर आणि त्यांचं क्वार्टर यांच्यामध्ये एकच भिंत. पहिल्याच आठवड्यात कपडे वाळत घालायच्या तारेवरून त्यांनी मला असं काही सुनावलं की मी घरात येऊन रडले. "तुह्या बापानं बांधली का तार?" हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. नळावर त्यांच्या नादी कुणी लागत नसे. चर्चचे पाळक घरी आले तरी त्यांनाही त्या उपदेश लांबला की घड्याळ दाखवत. त्या पवनीच्या विणकराची मुलगी. वडील तरुणपणी ख्रिस्ती झाले होते, त्यामुळे धर्म त्यांना माहेरच्या भांड्यांसारखा आपोआप मिळालेला. रविवारी बसने भंडाऱ्याला उपासनेला जायचं, नाताळात करंज्या करायच्या, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध होता, असं त्या स्वतःच पुढे सांगत.

त्यांना दोन मुलं. थोरला विजय, तेव्हा हायस्कुलात. धाकटी रूथ, तिला सगळे रुती म्हणत. सालोमीबाईंचा सगळा कडकपणा या पोरीपाशी संपायचा. रोज सकाळी ओट्यावर बसून त्या तिच्या दोन वेण्या घालत आणि पोरगी शाळेत जाईपर्यंत तिच्याकडे बघत उभ्या राहत.

रुतीला ताप आला आणि तो मेंदूत गेला. डॉक्टरांनी करायचं ते केलं, नागपूरलाही नेलं. पण पोरगी राहिली नाही. भंडाऱ्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत तिला ठेवून सगळे परत आले आणि सालोमीबाईंनी दार लावून घेतलं.

ते दार पुढे कित्येक महिने तसंच होतं. पाळक आले, त्यांना त्यांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. सासूबाई काही दिवस राहिल्या, मग गोंदियाला आपल्या दुसऱ्या मुलाकडे निघून गेल्या. दानियलभाऊंनी ओव्हरटाइम मागून घेतला. सकाळच्या बसने जात ते अंधार पडल्यावरच येत. विजय शाळेतून परस्पर मित्रांकडे जाई. आम्हीही सुरुवातीला डबे दिले, मग कमी केले. भिंतीपलीकडे दिवसभर काहीच आवाज नसे, आणि मला त्या शांततेची भीती वाटायची.

मग उन्हाळ्यातल्या एका दुपारी पलीकडे जोरजोरात भांडण सुरू झालं. मला वाटलं, दानियलभाऊ लवकर आले असावेत. पण बस यायची वेळ नव्हती. सालोमीबाईंचा एकटीचाच आवाज होता. त्या कुणाला तरी शिव्या देत होत्या, नळावर देत त्याहून कितीतरी वाईट. मध्येच रुतीचं नाव येई. मग भांडं आपटल्याचा आवाज. मी मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. हाक मारावी की नको ते कळेना. शेजारच्या बायकाही बाहेर आल्या. कुणीतरी म्हणालं, डोकं फिरलं बिचारीचं. बराच वेळ ते चाललं, मग आवाज बसत गेला आणि थांबला.

ऊन उतरल्यावर माझ्या दाराशी सालोमीबाई उभ्या होत्या. अंघोळ केलेली, केस ओले, हातात वाटी. डोळे सुजलेले, आवाज घोगरा.

"सुमन, थोडं विरजण असन तं दे," त्या म्हणाल्या. "दही लावते म्हटलं. विजयले आवडते."

मी विरजण दिलं. त्या वाटी घेऊन गेल्या आणि त्या दिवसापासून ते दार उघडं राहिलं.

त्यांच्यात काय बदललं हे आम्हाला नीट सांगता येत नव्हतं. भांडण मात्र संपलं. नळावर आधी दुसऱ्यांना भरू देत. हसायला लागल्या, आणि ते हसणं मोठं नव्हतं, ओळखीचं माणूस दिसल्यावर येतं तसं होतं. दुपारी तांदूळ निवडत बसल्या की कुणाशी तरी बोलत. भिंतीतून मला ऐकू येई. आज नळाला पाणी नव्हतं, यांचा खोकला थांबत नाही, विजय गणितात कसाबसा पास झाला, अशी सगळी खबर त्या कुणाला तरी देत असत. मध्येच थांबत, जणू समोरच्याचं ऐकत आहेत, मग "हाव, ते बी खरं आहे" म्हणत आणि पुन्हा तांदूळ निवडू लागत. ही त्यांची प्रार्थना होती, हे मला उशिरा कळलं. तोवर वसाहतीत सगळ्यांचं एकमत झालं होतं की पोरगी गेली आणि बाई खुळावली. पोटची पोर गेलेली आई हसते, हे लोकांना सहन होत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते विचित्र वाटे.

त्या मयतीच्या घरी बसायला जाऊ लागल्या त्या तेव्हापासून. मला आठवतं ते शकुंतलाच्या घरचं. उत्तर प्रदेशातून आलेलं कुटुंब, नवरा फॅक्टरीतच. त्यांचा लहानगा वसाहतीबाहेरच्या बोडीत, म्हणजे भाताच्या शेतांना पाणी देणाऱ्या लहान तळ्यात, म्हशी डुंबताना बघायला गेला आणि बुडाला. शकुंतला रडली नाही. जेवेना, बोलेना, भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. सासू घाबरली. कुणी काय, कुणी काय उपाय सांगितले. सालोमीबाई रोज जाऊन तिच्या शेजारी त्याच भिंतीकडे तोंड करून बसत. त्या घरात त्यांच्या हातचं पाणीही चालत नव्हतं, त्यामुळे करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

एका दुपारी मीही तिथे होते. सालोमीबाई आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत तिला हळूच म्हणाल्या, "भगवान को गाली देना है तो दे दे. वो सुन लेगा. उठके नहीं जाएगा."

सासू एकदम कडाडली, हे काय भलतंच शिकवता म्हणून. पण शकुंतलाने मान वळवून सालोमीबाईंकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आजवर दुसऱ्या कुणाचा ऐकलेला नाही. ती तिच्या देवाला तिच्या भाषेत नाही नाही ते बोलली. सालोमीबाईंनी तिला धरून ठेवलं होतं. संध्याकाळी शकुंतला वरणभात जेवली.

परत येताना मी त्यांना विचारलं, हे तुम्हाला कसं सुचलं. त्या रस्त्यातच थांबल्या आणि त्या उन्हाळी दुपारचं सांगितलं. रुतीचा एक फ्रॉक त्यांनी न धुता ठेवला होता, तिच्या अंगाचा वास होता म्हणून. त्या दुपारी हुंगला तर वास गेलेला. मग त्यांचा तोल सुटला.

"साऱ्या शिव्या देल्या मी त्याले," सालोमीबाई म्हणाल्या. "तू चोर आहेस म्हटलं. तुले पोरगी पायजे होती तं मले काहून देल्ती म्हटलं. देता देता माहा घसा बसला. मंग मी चूप झाली. अन् तवा मले समजलं सुमन, का इतका वेळ कोणीतरी आयकून राहिलं होतं. माह्या घरातले सारे माह्यापासून उठून गेल्ते. सासू गेली, हे गेले, पोरगा गेला. हा बसून होता. मी इतकं बोल्ली, तरी उठून गेला नाही."

मग त्या चालू लागल्या. "लहानपणापासून त्याचं नाव घेऊन राहिली होती मी," त्या म्हणाल्या. "ओळख त्या दिवशी झाली."

त्यांनी मला कधी त्यांच्या उपासनेला चला म्हटलं नाही. माझ्या घरच्या गणपतीच्या आरतीला त्या दाराशी उभ्या राहत आणि प्रसादाचं खोबरं आवडीने खात. पण त्या दुपारनंतर भिंतीपलीकडचं त्यांचं बोलणं ऐकू आलं की मी हातातलं काम हळू करायची. त्यात व्यत्यय येऊ नये असं वाटायचं.

दानियलभाऊंचा तो खोकला घशाचा कॅन्सर निघाला. विजयचं आयटीआय तेव्हा नुकतंच झालं होतं. नागपूरच्या फेऱ्या झाल्या, विजेचे शेक देऊन झाले, आणि शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. दानियलभाऊ अबोल माणूस. बायकोच्या त्या दुपारच्या गप्पा त्यांना कधी पटल्या नव्हत्या, आणि आजारात तर त्यांना त्यांचा राग येई. मी एकदा पेज घेऊन गेले होते. सालोमीबाई त्यांचं तोंड कापसाने पुसत होत्या आणि नेहमीसारख्याच मंद हसत होत्या. दानियलभाऊंचा आवाज तेव्हा जेमतेम फुटत होता.

"तुले भेव नाही लागत?" त्यांनी विचारलं.

"लागते न."

"मंग हासून कायले राहिली?"

"तुमी समोर दिसता म्हणून," सालोमीबाई म्हणाल्या.

दानियलभाऊंनी डोळे मिटले. पण त्यांनी आपला हात चादरीखालून काढून बायकोच्या मांडीवर ठेवला. मी पेज ठेवून बाहेर आले.

ते गेले तेव्हा आम्ही बरेच जण भंडाऱ्याला दफनभूमीत गेलो. पाळकांची प्रार्थना झाली. मंडळी माती टाकू लागली तेव्हा सालोमीबाई गाऊ लागल्या. पुस्तकातलं गीत नव्हतं ते. जात्यावरच्या ओवीच्या चालीवर त्यांनी स्वतः जोडलेलं होतं.

"दार उघडं ठेव देवा, माहा धनी येऊन राहिला,
उभ्या जन्माचा थकला, त्याले बसाले पाट दे."

आवाज कापत होता, डोळ्यांतून धार लागली होती, आणि तरीही तोंडावर ते हसू होतं. लोक एकमेकांकडे पाहू लागले. विजय खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला उभा होता. तो हळूच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"आज तरी चूप राह, आई. बाबाले मातीत घालून राहिलो आपण. अन् तू गाऊन राहिली. रुती गेल्यावरबी हासतच होती तू. तुले कोणाचंच काही नाही."

सालोमीबाई गायच्या थांबल्या. विजयने हातातली माती टाकली आणि फाटकाकडे चालू लागला. बापाच्या जागी त्याला फॅक्टरीत घेतलं असतं, पण त्याने ते नाकारलं. भिलाईला नोकरी धरली आणि आईशी संबंध तोडून टाकला.

क्वार्टर सोडावं लागलं. सालोमीबाई पवनीला भावाच्या घरी गेल्या. भावाच्या मागच्या खोलीत त्यांचा पलंग, आणि पलीकडे मागांचा ठक ठक आवाज. त्या विणकामासाठी कांड्यांवर सूत भरून द्यायच्या, भावाची नातवंडं सांभाळायच्या. मी वर्षातून एखाद-दोनदा त्यांना भेटायला जाई. वैनगंगेवरून वारा यायचा त्या पडवीत आम्ही बसायचो. तिथेही गल्लीत कुणी गेलं की त्या विळी घेऊन निघत, असं त्यांची भावजय सांगे. दुपारच्या गप्पाही चालू होत्या. फक्त आता त्यात विजयचं नाव फार येई. देवाला त्या विजयबद्दल असं सांगत, जसं एखादी आई शेजारणीजवळ पोराची तक्रार करते.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं. अंगावरचं लुगडं विरलेलं, पोरगी नाही, नवरा नाही, पोरगा असून नाही. "बाई, तुमी खरंच सुखी आहा का?" मी म्हटलं. "का आमाले दाखवासाठी हासता?"

त्यांना राग आला नाही. त्यांनी हातातली कांडी बाजूला ठेवली.

"रडू येते न, सुमन," त्या म्हणाल्या. "रोजच येते. विजयसाठी तं जेवताजेवता येते, घास उतरत नाही. पण पहिले मी रडू तवा एकटीच राहू. आता एकटी नसते. मी रडते तवा देव बी रडते, असं मले समजते. तेवढंच सुख आहे माहं. पण ते लय मोठं आहे. मले सांगता नाही येत."

त्यानंतर काही वर्षांनी, चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा हिवाळा असेल, त्यांच्या भावाचा निरोप आला की बाईंचं काही खरं नाही. मी गेले. पोट फुगलं होतं, हातपाय काड्यांसारखे झाले होते, मोतीबिंदूने नजर जवळजवळ गेलेली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. भावाने आपला मुलगा मनोहर याला विजयला आणायला भिलाईला पाठवलं होतं. तो येईल असं घरात कुणालाही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या पलंगाशी बसले होते आणि दारात विजय उभा राहिला. मी ओळखलं. अंगाने भरला होता, कानावरचे केस वयाआधीच पिकले होते. मनोहर अजून मागे बसस्टँडवर सामान उतरवत होता. विजय उंबऱ्यातच थबकला. आईला असं पाहायची त्याची तयारी नसावी.

सालोमीबाईंना नुसती सावली दिसली. "मनोहर का रे?" त्या म्हणाल्या. "आला? भेटला विजय?"

विजय चपला काढू लागला. मी बोलणार होते, पण त्या पुढे बोलू लागल्या.

"नाही येत म्हणते न? नोको रागावू त्याच्यावर. त्याचं बी खरं आहे. बाप गेला तवा त्याले माह्यासंग रडाचं होतं. अन् मी गाऊन राहिली होती. मले वाटलं, माह्या सुखात साऱ्याईलेच जागा आहे. पण त्या पोराले रडाले जागा ठेवली नाही मी. माहं चुकलं. देवाजवळ कबूल केलं मी ते. पण ज्याले सांगाले पायजे, तो भिलाईले आहे."

विजय आत आला आणि पलंगाजवळ खाली बसला. "मी आहो, आई," तो म्हणाला. "विजय."

त्यांचा हात हवेत चाचपडला. त्याने तो धरून आपल्या तोंडावर ठेवला. त्यांनी कपाळ, नाक, गाल असं सगळं सावकाश चाचपून पाहिलं. "मिशी ठेवली तुनं," त्या म्हणाल्या, आणि मग त्या अशा रडल्या की त्यांचं ते हसू त्यात कुठेच नव्हतं. विजयही रडला. मी उठून मागांच्या खोलीत गेले आणि भावाला माग थांबवायला सांगितलं.

त्या दुपारी विजयच बोलत होता. भिंतीतून त्याचा आवाज येई, कधी चढलेला, कधी दबलेला. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं तो आईसमोर ओतत होता. काही बोल फार लागट होते. सालोमीबाई मधून मधून फक्त "हाव, बेटा" म्हणत होत्या. संध्याकाळपर्यंत घरात कुणीही त्या खोलीत गेलं नाही.

त्यानंतर आठवडाभरातच त्या गेल्या. मला कळलं ते माती झाल्यावर. विजयने त्यांना भंडाऱ्याला नेऊन रुती आणि दानियलभाऊंच्या शेजारी ठेवलं. परत जाताना तो जवाहरनगरला आमच्या घरी आला, चहा घेतला. आई शेवटी काही म्हणाली का, असं मी विचारलं. त्याने कप खाली ठेवला. शेवटच्या दिवशी ती त्याच्याशी बोलतच नव्हती म्हणाला, दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होती, आणि फार खूश होती. मग बसची वेळ झाली म्हणून तो उठला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते विजय आल्याच्या दुसऱ्या दिवशी, पवनीहून निघताना. विजयने आईला उचलून अंगणात उन्हात खाटेवर आणून ठेवलं होतं, पाठीशी गोधड्यांचा टेकू लावून. हिवाळ्याचं कोवळं ऊन होतं. तो त्यांच्या मागे बसून केस विंचरत होता. त्या दुखण्यात केसांचा पार गुंता झाला होता, आणि असलं काम त्याने जन्मात केलं नसावं. फणी अडली की तो ओढत होता आणि त्या कळवळून "हळू न रे" म्हणत होत्या. त्याने जमेल तशी एक वेणी घातली. ती वाकडी झाली, म्हणून सोडली आणि पुन्हा घालायला घेतली. मी पाया पडले, तर त्या म्हणाल्या, "जा आता, गाडी सुटन." फाटकातून मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांनी उन्हाकडे तोंड करून डोळे मिटले होते, आणि मागे विजय अगदी सावकाश, एक एक बट सोडवत होता.